नव्या माणसाची उजळणी

विमानातले सहकारी तिला ‘चौकशी’ म्हणायचे. पाठीमागे कुजबुजून नव्हे, सरळ हाक मारतानाच. “ए चौकशी, आज मागचं दार तुझ्याकडे.” नाव पडायला कारणही तसंच होतं. कपाटांच्या खिट्ट्या लालच का, घाबरलेली माणसं नेमका टोमॅटोचाच रस का मागतात, ढगात शिरलं की वैमानिक एकदम गप्प का होतात, हे सगळं तिला जाणून घ्यायचं असायचं. आणि एकदा विचारलं की उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलायची नाही.

फक्त स्वतःच्या नोकरीबद्दल तिने नऊ वर्षांत काही विचारलं नव्हतं.

ती केबिन क्रूमध्ये होती, पण हंगामी. एका एजन्सीमार्फत अकरा महिन्यांचा करार व्हायचा. करार संपला की पाच दिवस ती कोणाचीच नसायची, आणि सहाव्या दिवशी नवा करार. त्या पाच दिवसांना सगळे ‘खंड’ म्हणायचे. असे आठ खंड तिच्या खाती जमा होते, नववा सुरू होता. एरवी अकरा महिने फोन उशाशी. फोन आला की दोन तासांत विमानतळावर हजर. कधी आठवड्यात सहा फोन, कधी दहा दिवस चिडीचूप. कोणाला जास्त फोन येतात आणि का, यावर क्रूमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या वावड्या उठायच्या. आजारी आहे म्हणून नकार दिला की पुढचे फोन आटतात, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे सर्दीने कानांना दडे बसलेले असतानाही ती हसतमुखाने ट्रे फिरवायची. मुलीच्या शाळेत कार्यक्रम असला तर “येते” असं तिने कधी म्हटलं नाही. “बघते” म्हणायची. मुलगी चार वर्षांची असताना कोणी तिला “आई काय करते गं?” असं विचारलं, तर ती गंभीरपणे सांगायची, “बघते.”

तर नववा खंड सुरू असताना, मंगळवारी सकाळी सात वाजता, ती गणवेश घालून बूट चढवत होती. सासरे वर्तमानपत्र घेऊन समोर बसले होते. सासूबाई गेल्यावर ते यांच्याकडे राहायला आले त्याला आठ महिने झाले होते. एका कारखान्यात सत्तावीस वर्षं ते हजेरी कारकून होते, आणि ती सवय घरातही सुटलेली नव्हती. कोण किती वाजता बाहेर पडलं, किती वाजता परतलं, याची नोंद त्यांच्या डोक्यात आपोआप होत असे. मुलगा चष्म्याच्या दुकानातून सात मिनिटं उशिरा आला तरी त्यांची नजर घड्याळाकडे जायची.

“अगं, आज तुझी नोकरी नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा. नवा करार शनिवारपासून.”

“मग गणवेश?”

“उजळणी आहे. दर वर्षी असते. आग लागली तर काय, पाण्यात उतरावं लागलं तर काय, सगळं पुन्हा करून दाखवायचं.”

“कोणाची उजळणी?”

“आमचीच.”

“पण आज तर तुम्ही त्यांचे कोणी नाही.”

ती नाडी बांधता बांधता थांबली. मग “उशीर होतोय” म्हणाली आणि निघाली. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तो दिवसभर वळवळत राहिला.

उजळणी एका मोठ्या शेडमध्ये व्हायची. तिथे विमानाचा एक तुकडा कापून आणून ठेवल्यासारखा उभा होता, सहा रांगांचा, पंख नसलेला. शेजारी पोहण्याचा तलाव. शिकवणारे मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून फिरत, म्हणून ते ‘शिट्टी मास्तर’. कोणाला शाबासकी द्यायची तरी शिट्टीच, ओरडायचं तरी शिट्टीच.

त्या दिवशी तेवीस जण होते. धुराने भरलेल्या खोलीतून सगळ्यांनी हाताच्या अंदाजाने वाट काढली. दार उघडण्याचा सराव झाला. दुपारी गणवेशावर जीवरक्षक जाकीट चढवून सगळे तलावात उतरले आणि पिवळ्या तराफ्यावर एकमेकांना ओढून घेऊ लागले. चौकशीने खळीला वर ओढलं. खळी तिची जवळची मैत्रीण. गालावरच्या खळीमुळे प्रवासी तिच्यावर चिडायचं विसरत.

“खळे, तुझा करार कधी संपला?” चौकशीने धापा टाकत विचारलं.

“रविवारी. का गं?”

“आणि तुझा?” तिने पलीकडच्याला विचारलं.

“माझाही रविवारी.”

ती तराफ्यावर गुडघ्यांवर उभी राहिली आणि एकेकाला विचारत सुटली. तेवीसच्या तेवीस जणांचा खंड चालू होता. म्हणजे तलावात या घडीला विमान कंपनीचा एकही माणूस नव्हता. सगळे तिऱ्हाईत. कोणीतरी ओरडलं, “मास्तर, आम्ही फुकट पोहायला आलोय म्हणे!” तराफा हलेपर्यंत सगळे हसले. मग हळूहळू हसू ओसरलं आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा राहिला.

कपडे बदलून झाल्यावर ती मास्तरांकडे गेली. “मास्तर, आम्हाला नेहमी खंडातच का बोलावता?”

“मला यादी येते, बाई. मी शिट्टी वाजवतो.” त्यांनी खांदे उडवले. “करारात असताना तुम्ही विमानात लागता. इथे एक दिवस अडकलात तर तिकडे माणूस कमी पडतो. एवढं साधं आहे.” मग त्यांनी तिच्या हातात नवं प्रमाणपत्र ठेवलं. शाई अजून ओली वाटत होती.

घरी आल्यावर सासऱ्यांनी “काय म्हणतेस?” वगैरे काही विचारलं नाही. “आधीची प्रमाणपत्रं आहेत का?” एवढंच विचारलं. तिने फाईल काढून दिली. त्यांनी नऊ कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले, शेजारी करारपत्रं लावली, चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद डोळ्यांजवळ नेला. दोनदा पाहिलं. मग सगळे कागद पुन्हा नीट फाईलीत घातले आणि आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दुकानात आणि मुलगी शाळेत गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. ती मटार सोलत होती. तेही समोर बसून सोलायला लागले. परात अर्धी भरल्यावर म्हणाले, “हे मी करायचो.”

“काय?”

“खंड पाडायचं काम. वरून चिठ्ठी यायची. अमक्या अमक्या नावांवर रेघ मार, म्हणजे नोकरी सलग होऊन कोणी कायम व्हायला नको. मी लाल शाईने रेघ मारायचो. चार दिवसांनी तीच माणसं खिडकीशी रांगेत उभी राहायची आणि मी त्यांची नावं नव्याने लिहायचो. सत्तावीस वर्षं.” त्यांनी एक शेंग उगाचच दोनदा पिळली. “तुझ्या सासूलासुद्धा हे धड माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मी हजेरी लावतो.”

तिला राग यायला हवा होता, असं तिला नंतर वाटलं. पण त्या क्षणी तिला राग आला नाही. तिच्या मनात पहिला आला तो प्रश्न, आणि तो तोंडातून निघूनही गेला.

“कसं करायचात? म्हणजे पकडले कसे गेला नाहीत?”

सासऱ्यांनी मान वर केली. आपल्यावर कोणी थुंकेल अशा तयारीने आलेल्या माणसाला कोणी बसायला खुर्ची द्यावी, तसे ते गोंधळले. मग बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या आवाजात जुन्या कामाची सफाई आली.

“क्रमांक बदलायचा. ती पहिली गोष्ट. जुन्या क्रमांकावर माणूस परत घेतला तर तो तोच माणूस ठरतो. दर वेळी नवा क्रमांक, नवा कागद, फोटोसुद्धा नवा. दुसरं, खंडात माणूस फाटकाच्या आत दिसता कामा नये. एकदा एक जण विसरलेला डबा न्यायला आत आला, तर साहेबांनी पहारेकऱ्याला फैलावर घेतलं होतं.” त्यांनी मटारचे दाणे बाजूला सारले. “तुझ्या कागदांवर नऊ वर्षं एकच क्रमांक आहे. आणि खंडात तुला आत बोलावलंय, गणवेशात, वर तारीख घालून प्रमाणपत्रही दिलंय. हे आळशी लोक आहेत, पोरी. माझ्या हाताखाली असते तर मी यांना एक दिवस ठेवलं नसतं.”

ती हसली. मग तेही कसंनुसं हसले. पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा तिने मटारची परात उचलून ओट्यावर ठेवली आणि त्यांच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

विचारणं तिला नवीन नव्हतं. पण आपली नोकरी सलग धरायची की नाही, हा प्रश्न कामगार कार्यालयात जाऊन विचारायचा होता, म्हणून तिने आधी नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने रात्रभर विचार करून सांगितलं, “तुला जे वाटेल ते कर. फक्त मला आधी सांग, म्हणजे मी दचकणार नाही.” एकटीच्या कागदाला किती वजन येणार, म्हणून तिने उजळणीच्या बाकी बावीस जणांकडे त्यांची प्रमाणपत्रं मागितली. कोणी लगेच दिली. कोणी “उद्या देतो” म्हणालं आणि तो उद्या उजाडलाच नाही. तिचे धरून चौदा जणांचे कागद जमले. त्यांत खळी नव्हती.

“मी तुझ्या पाठीशी आहे गं,” खळी विमानतळाच्या बाकावर बसून म्हणाली. “पण जरा लांबून. घरात मी एकटी कमावती आहे. फोन बंद झाले तर?”

“बरोबर आहे तुझं.”

“तू चिडलीस.”

“नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे बघतेय. मला सांगता येत नाहीये.”

अर्ज दिला आणि खळीची भीती खरी ठरली. चौदा जणांचे फोन गप्प झाले. ती पहिला आठवडा फोन हातात घेऊन घरभर फिरली. दुसऱ्या आठवड्यात तिने फोन बिघडलाय का म्हणून नवऱ्याला दुकानातून फोन करायला लावला. फोन ठणठणीत होता. तिसऱ्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा पुसल्या. चौदातल्या दोघांनी तिला विचारलं, अर्ज मागे घेता येतो का. ती म्हणाली, येतो, मी चौकशी केली आहे, कागद कुठे द्यायचा तेही सांगते. तिने इतकं सरळ सांगितल्यावर दोघेही विचारात पडले आणि त्यांनी मागे घेतला नाही.

सुनावणी दुपारची होती. कार्यालयात पंखा, लाकडी बाकं आणि कागदांचे गठ्ठे. कामगार अधिकारी म्हणजे पन्नाशीच्या बाई होत्या, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे कल. एजन्सीचे वकील नीटनेटके आणि गोड बोलणारे होते.

“हे सर्व जण त्या तारखांना नव्या नोकरीचे उमेदवार होते,” वकील म्हणाले. “भरतीआधी उमेदवारांची चाचणी घेतली जाते. ती ऐच्छिक असते. याचा आधीच्या नोकरीशी काहीही संबंध नाही.”

बाईंनी एक प्रमाणपत्र उचललं, वाचलं, दुसरं उचललं. “यावर ‘नववी वार्षिक उजळणी’ असं लिहिलंय.”

“तो छापील मजकूर असतो.”

“नऊ हा आकडा छापील नाही.” बाईंनी चष्मा काढला. “मला एक समजावून सांगा. नव्या माणसाची उजळणी कशाची घेता तुम्ही?”

वकिलांनी पुढचं पान उलटलं, मग मागचं.

शिट्टी मास्तरांना वहीसह बोलावलं होतं. ते शिट्टीशिवाय आले होते, त्यामुळे अर्धे कपडे घालायला विसरल्यासारखे दिसत होते. नवा माणूस आणि हे लोक यांत फरक काय, असं बाईंनी विचारलं.

“नवा माणूस माझ्याकडे सहा आठवडे असतो, मॅडम. त्याला दार कुठल्या बाजूला उघडतं इथपासून शिकवावं लागतं. ह्यांना मी संध्याकाळी घरी सोडतो.” त्यांनी वही पुढे केली. दर वर्षीच्या पानावर पेन्सिलीने मथळा होता: ‘जुनी मंडळी’. वकिलांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी ते पाहणं ओळखलंच नाही. त्यांना फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

एकसारख्या क्रमांकांचा मुद्दा चौकशीने मांडला, तेव्हा वकिलांनी तिला हे सगळं कोणी शिकवलं असं जरा खोचकपणे विचारलं. मागच्या बाकावरून सासरे उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

“मी शिकवलं,” ते म्हणाले. “मी हेच काम करायचो. मला माहीत आहे ते कसं करतात.”

बाईंनी त्यांना नाव, कारखाना, वर्षं विचारली. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. हात त्यांनी पाठीमागे घेतले. बाई म्हणाल्या, “तुमची साक्ष या प्रकरणात लागणार नाही. पण बसा. पाणी घ्या.”

निकाल यायला चार महिने लागले. चौदा जणांची नोकरी सलग धरावी, त्यांना कायम करावं, असं त्यात होतं. एजन्सीने वर दाद मागायची धमकी दिली, मग विमान कंपनीलाच ते परवडेना आणि त्यांनी चौदा जणांना थेट आपल्याकडे घेतलं. पेढीवरून माल उचलावा तसं, असं कोणीतरी म्हणालं. उरलेल्या नऊ जणांचं काही झालं नाही. उलट पुढच्या वर्षीपासून उजळणी कराराच्या दिवसांत घ्यायची असा एजन्सीचा आदेश निघाला, आणि दर करारासोबत नवा क्रमांक द्यायचाही. एजन्सीचा आळस गेला होता. तो आपणच घालवला, हे चौकशीला कळत होतं.

कायम झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिचं आणि खळीचं विमान एकच निघालं. उड्डाणाच्या वेळी दोघी मागच्या दाराजवळच्या अरुंद बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या.

“आजारपणाची रजा खरंच मिळते का?” खळीने समोर बघत विचारलं.

“मिळते. मी मागच्या सोमवारी घेतली. दिवसभर घाबरून बसले होते.”

“घाबरून का?”

“सवय नाही ना.”

खळी हसली. मग म्हणाली, “मी तेव्हा कागद द्यायला हवा होता.”

“तुझ्यासाठी दुसरी वाट आहे का, ते विचारतेय मी. कामगार कार्यालयातल्या बाईंकडे गेले होते परवा.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, नव्या आदेशाच्या आधीचे तिचे आठ वर्षांचे कागद आहेत ना? ते घेऊन ये.”

खळीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात विमानाने जमीन सोडली आणि दोघींना पाठ टेकावी लागली.

महिन्याच्या पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचं वेळापत्रक हातात येऊ लागलं. कधी उडायचं, कधी घरी, सगळं आधी ठाऊक. पहिल्यांदा तिने तो कागद फ्रिजवर लावला तेव्हा मुलीने तो मोठ्याने वाचून काढला. सासऱ्यांनी तो दोन दिवस येता-जाता वाचला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अकरा तारखेला तू घरी आहेस. माझ्याबरोबर येशील? एकाला भेटायचंय.”

तो एक जण म्हणजे कारखान्यात लोखंडी भाग घासून गुळगुळीत करणारा जुना कामगार. त्याच्या नावावर सासऱ्यांनी एकोणीस वेळा रेघ मारली होती. पत्ता त्यांनी तीन महिने खटपट करून शोधला होता. तो मुलीकडे राहत होता, एका धुलाईच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात साबणाचा वाफाळ वास होता. दार त्यानेच उघडलं. कृश, ताठ म्हातारा, डाव्या हाताची दोन बोटं आखूड.

“मी हजेरीवाला,” सासरे म्हणाले. “कारखान्यातला. खिडकीतला.”

म्हाताऱ्याने त्यांना निरखून पाहिलं. “चेहरा नाही आठवत. तुम्ही हात दाखवा बरं.”

सासऱ्यांनी उजवा हात पुढे केला.

“हां. हात आठवतो. खिडकीतून हातच दिसायचा.” त्याने दोघांना आत बसवलं आणि चहा टाकला.

सासऱ्यांनी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. रेघा, चिठ्ठ्या, क्रमांक. शेवटी माफी मागितली. म्हातारा शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “हे मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आता या माफीचं मी काय करू?” त्यात राग नव्हता, त्याला खरोखर सुचत नव्हतं. मग तो चौकशीकडे वळला. “ही कोण?”

“सून. विमानात असते.”

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. “असं? मग मला सांग, वर असताना कोणी चुकून दार उघडलं तर?”

“उघडतच नाही,” ती म्हणाली. “आतली हवा दाराला आतून दाबून धरते. दहा पैलवान आणले तरी नाही.”

“आणि पक्षी आडवा आला तर? आणि वर तोंडाची चव जाते म्हणतात ते खरं? आणि तुम्ही लोक जेवता कधी?”

ती सांगत गेली, तो विचारत गेला. मध्येच आपली आखूड बोटं टेबलावर टेकवून त्याने पंख कसा वाकतो ते करून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. सासरे थंड झालेला चहा हातात धरून दोघांकडे पाहत बसले होते. दीड तास गेला. निघताना म्हातारा जिन्याच्या तोंडाशी आला.

“परत या,” तो सासऱ्यांना म्हणाला. “हिला घेऊन या. माझं अजून इंजिनाचं विचारायचं राहिलंय.”

बसथांब्याशी उभे राहिल्यावर सासऱ्यांनी विचारलं, “पुढे कधी सुट्टी आहे तुला?”

“एकोणीस आणि वीस.”

“मग एकोणीस,” ते म्हणाले, आणि बस येतेय का ते पाहायला रस्त्याच्या कडेला वाकले.